व्याह्यांचे निळे तुरे

अख्ख्या संभाजीनगरात मी जळावं असा एकच माणूस आहे, आणि नेमका तोच माझा व्याही झाला. मूळचे सोयगावकडचे, घरचा कापूस. नोकरीसाठी शहरात आले आणि शेतीची सगळी खुमखुमी अंगणातल्या वाफ्यांवर काढू लागले. व्हेरोनिका नावाचं थंड मुलखातलं बारमाही फुलझाड, निळ्या, गुलाबी, पांढऱ्या तुऱ्यांचं, ते आमच्या उन्हात फुलवून दाखवायचं हा त्यांचा हट्ट. पाहुण्यांनी हात धुवायचे ते वाफ्यावरच. कुणी साबण मागितला की यांचा चेहरा उतरतो. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एखाद्या दिवशी, आणि त्या दिवशी हे गृहस्थ कुणाच्या मयतीलाही जात नाहीत. माझ्या मुलीचं त्यांच्या मुलाशी लग्न ठरलं, तेव्हा भटजींनी काढलेला उत्तम मुहूर्त त्यांनी उडवून लावला. "त्या दिशी आमच्या गल्लीत नळ येतेत. दुसरा काढा." भटजींनी निमूट दुसरा काढला.

रोप द्यायला मात्र त्यांनी कधी हात आखडला नाही. मलाही दिलं. माझ्याकडे त्याला नुसता पाला आला. शेणखत घातलं, सावलीत हलवलं, बायकोची नजर चुकवून प्यायच्या पाण्याचा हंडा ओतला, पालाच. त्यांच्याकडे जावं तर हिरव्या जाळीखाली वीत वीत तुरे, आणि त्यांना पाणी घालायला कोण, तर आमची कन्या! माहेरी जिनं तुळशीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, ती ओढणी खोचून सासऱ्यांच्या शेजारी उकिडवी बसलेली. वर मलाच म्हणते, "बाबा, सरका, रोप तुडवाल!" मला फुलांचा हेवा वाटत होताच, पण त्या दिवशी खरा हेवा वाटला तो सासऱ्यांच्या शेजारच्या त्या जागेचा.

गेल्या हिवाळ्यात व्याही स्कूटरवर गोणपाटात मुळांसकट रोपाचा गड्डा बांधून दारात हजर. "पाव्हणं, गड्डा लई दाटला व्हता. निम्मा तुमचा. वाटून दिला तरच फुलतंय हे, नाय तर मधून वाळून जातं." स्वतःच्या हातानं लावून दिला, चहाही न घेता गेले, त्यांच्या गल्लीत नळाची वेळ झाली होती.

फाल्गुनात माझ्याकडे पहिला तुरा आला. मी व्याह्यांना नाही, आधी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं निरखून पाहिलं.

"छान आलाय, बाबा. पण आमच्याकडचा जास्त निळा आहे."

"असेल, बाळा," मी म्हणालो. त्या दिवशी आमच्याकडेही नळ आला होता. बायको हंडे भरायला हाका मारत होती, आणि मी वाफ्याशी तसाच बसून होतो.