चौकशीला बसवलेला माणूस

भाषण संपवून मी खुर्चीत बसले आणि सातवीतली सरिता माइकसमोर आली. शाळेत संविधान दिन होता. मी वकील, म्हणून दरवर्षी प्रमुख पाहुणी मीच. दुसरं कुणी फुकट येत नाही. जालना जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, मला अजून तिथल्याच कोर्टात उभं राहायचं असतं.

सरितानं हातात कागद न घेता उद्देशिका खणखणीत म्हटली. शेजारी बसलेले पोलीस ठाण्याचे इन्स्पेक्टर इतके खूश झाले की संविधानाची प्रत बक्षीस देताना त्यांनी पहिल्या पानावर स्वतःची सहीही ठोकली.

चहाच्या वेळी ती पोरगी माझ्याजवळ आली. "मॅडम, तुम्ही वकील हायत ना? पप्पाला काल सकाळी पोलिसांनी नेलंय. अजून सोडलं न्हाई. कॉलनीवाले म्हणून राह्यले, खोली खाली करा."

पप्पा म्हणजे दिलबहादूर. मूळचा नेपाळचा, एका कॉलनीचा वॉचमन. कॉलनीतली पाण्याची मोटार चोरीला गेली. आपल्यात बाहेरचा कोण, एवढाच विचार कॉलनीनं केला आणि तपास संपला.

इन्स्पेक्टरसाहेबांच्या गाडीमागोमाग मी सरिताला घेऊन ठाण्यात गेले. दिलबहादूर भिंतीला टेकून बसला होता. पोरीला बघून उठायला गेला, तर हवालदारानं खांदा दाबून खाली बसवलं. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, याला कोर्टात हजर का नाही केलं?"

"अटकच न्हाई केली, मॅडम. चौकशीला बसवलंय."

ही जुनी युक्ती. अटक दाखवली की चोवीस तासांत माणूस मॅजिस्ट्रेटपुढे उभा करावा लागतो. नुसतं 'बसवलंय' म्हटलं की घड्याळ सुरूच होत नाही.

"अटक नाही ना? मग चला दिलबहादूर, घरी."

"ओ मॅडम, असं कसं जाऊ द्यायचं?"

"म्हणजे अटकच. काल सकाळपासून."

साहेबांनी टोपी टेबलावर ठेवली. "सगळा स्टाफ संविधान रॅलीच्या बंदोबस्ताला गेल्ता. कोर्टात न्यायला माणूस कुठून आणू? आन् हा काय आपला हाय का? नेपाळचा हाय. त्याला कशाची आली घटना?"

"चोरीचं कलम लागतं त्याला?"

"ते तर बराबर लागतं."

"वा! कायदा लागू आणि घटना माफ?"

आता हे नीट सांगायला हवं. भाषणाचा, संघटनेचा, देशात कुठंही राहण्याचा, असे काही हक्क फक्त नागरिकांचे आहेत. पण जीव, स्वातंत्र्य, कायद्यापुढची समानता आणि अटकेनंतरचं संरक्षण इथल्या प्रत्येक माणसाला आहे. साहेबांना ट्रेनिंगमधलं अर्धंच आठवत होतं.

"परकीयाला ते चोवीस तासांचं कलम न्हाई. मी स्वतः वाचल्यालं हाय."

सरितानं दप्तरातून बक्षीस काढून माझ्या हातात दिलं. मी आधी साहेबांना त्यांची सही दाखवली, मग बाविसावं कलम मोठ्यानं वाचलं. परकीयांपैकी त्यातला अपवाद फक्त शत्रूराष्ट्राच्या माणसाचा आहे.

"नेपाळशी लढाई सुरू झालीय का, साहेब? मी आज बातम्या बघितल्या नाहीत."

हवालदार खिडकीबाहेर तोंड करून हसला.

संध्याकाळी दिलबहादूर कोर्टात उभा राहिला. मॅजिस्ट्रेटनी साहेबांकडून लेखी खुलासा मागवला आणि त्याला जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर सोडलं. कॉलनीनं मात्र खोली रिकामी करून घेतलीच. तिथं माझं कलम चाललं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तो बायको-पोरीला घेऊन जालन्याला गेला. एमआयडीसीत एका मिलच्या गेटवर उभा असतो.

आठवड्यानं कॉलनीचे सेक्रेटरी माझ्या ऑफिसात आले. "मॅडम, तेवढं दिलबहादूरला समजवा ना. रात्री शिट्टी मारायला कुणीच न्हाई."

"काम नाकारायचाही हक्क असतो त्याला," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी शाळेत पुन्हा तोच कार्यक्रम, त्याच खुर्च्या. एक मुलगा कागदावर बघून, अडखळत उद्देशिका वाचत होता. हेडसर माझ्या कानाशी म्हणाले, "मागच्या वर्षीची पोरगी कसली भारी म्हणाल्ती! कुठं गेली ओ ती?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेब मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होते.

तेव्हापासून एक पथ्य पाळते. संविधान दिनाच्या भाषणाला निघण्याआधी ठाण्यात फोन करून विचारते, आत कुणाला बसवलंय का?