सुखडीतली गोळी

लिहायला बसलो हेच जरा धाडस झालं, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर पानभर सलग लिहायची मला सवय नाही. पण ही गोष्ट मनातून जात नाही.

समाजकार्याच्या अभ्यासात आम्हाला आठवड्यातले दोन दिवस बाहेर काम करावं लागतं. मला गोत्रीतली एक शाळा मिळाली. सयाजीगंजच्या हॉस्टेलवरून बसने जायचो आणि दुसरीच्या वर्गात बेनना मदत करायचो. बाई मराठी होत्या, पण बडोद्यात शिक्षिकेला सगळे बेनच म्हणतात.

डबा खाताना मुलं गोल बसत आणि प्रत्येकाने शेजारच्याला आपल्यातला घास द्यायचा, अशी वर्गाची रीत होती. मला ती फार आवडायची. एका दुपारी एका मुलाने तोंडातली सुखडी हातावर थुंकली. कडू लागते म्हणाला. पाहिलं तर गूळतुपाच्या त्या वडीत अर्धी पांढरी गोळी दाबलेली. वडी शेजारच्या मुलीच्या डब्यातली होती.

बेननी मुलाला चूळ भरायला लावली, डॉक्टरांना आणि त्याच्या आईला फोन केला, त्याला डोळ्यांसमोर बसवून ठेवलं. सुदैवाने त्याने काही गिळलं नव्हतं. मग मुलीच्या आईला बोलावलं.

ती घाबरतच आली. गोळी फिटची, दुपारची. शाळेत कळलं तर सोसायटीभर होईल, पुढे लग्नाला आडवं येईल, म्हणून कुणाला न सांगता ती रोज वडीत दाबून द्यायची. एवढं करूनही फिट थांबत नाहीत, डॉक्टर गोळी वाढवतच चाललेत, असंही तिने सांगितलं.

बेननी मुलीला जवळ घेऊन विचारलं. ती सहज म्हणाली, "मी कडू दाणा काढून टाकते रोज. आज राहिला."



"ताई, डॉक्टर वाढवतायत आणि ही टाकून देतेय," बेन हळू म्हणाल्या. "वाढवलेली गोळी एखाद्या दिवशी भलत्याच मुलाच्या पोटात गेली तर? आजच डॉक्टरांना सगळं सांगा. आणि मला पाकिटासकट गोळ्या न् डॉक्टरांची चिठ्ठी द्या. ऑफिसात दुसऱ्या बेनसमोर मी स्वतः देईन, गिळलेली बघेन."

"आणि बाकीच्या आयांनी विचारलं तर?"

"माझ्या तोंडून काही निघणार नाही. पण फिट आली तर काय करायचं, हे इथल्या शिक्षकांना ठाऊक हवं."

घरी विचारते, नाहीतर शाळाच बदलते, म्हणून ती मुलीला घेऊन निघून गेली. त्यानंतर ती जागा रिकामीच राहिली. फोन उचलला जात नव्हता. मी बेनना पुन्हापुन्हा विचारायचो, आणि तसंच विचारत माझं तिथलं काम संपलं.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी बेनचा फोन आला. मुलगी आली होती. आईने चिठ्ठी आणि गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट हातात दिलं. फाटकाशी बाकीच्या आया उभ्या होत्या, तरी आवाज न दाबता, त्यांनाही कळावं म्हणून ती गुजरातीत म्हणाली, "बेन, एने खेंच आवे छे. बधाने खबर होय तो सारुं." हिला फिट येते, सगळ्यांना माहीत असलेलं बरं.