डिस्कवरचं कुंकू

मंडळी, आज मी कॉम्प्युटरला फुकटच शिव्या दिल्या.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आमच्याच बैठकीत रेकॉर्ड केलेल्या त्यांच्या भजनाची हाय-रेझोल्यूशन डिस्क अकोल्याच्या मित्रानं आणून दिली. ती काही केल्या वाजेना. दोन सॉफ्टवेअर बदलली. शेवटी डिस्क बाहेर काढली, तर चकचकीत बाजूवर कुंकवाचं स्वस्तिक!

"आई, हे काय?"

"नवी वस्तू हाये. पूजा करा लागत नाई का?"

पुसून लावली. आवाज इतका स्वच्छ, की भजनाआधी बाबा आईला हळूच म्हणाले तेही ऐकू आलं, "चहा मांड वं."

आई उठली.

"कुठी चालली?"

"ते चहा मांगून राहिले ना."

चहा तीन कप झाला. बाबांचा कपही मीच प्यायलो. तुम्ही नाही म्हणू शकला असता का?