भुयारी पाटावरचा बोअर

भिवापूरजवळ माझ्या मामांचं वावर आहे. तिथल्या मिरचीला पाणी जमिनीखालून यायचं. चढावरच्या जुन्या विहिरीपासून खालच्या हौदापर्यंत मुरमात खोदलेला एक भुयारी पाट होता. त्याला मोटर लागत नसे, वीजही नाही. उतारानं पाणी हौदात येई, आणि उन्हात आटत नसे. पाटावर मध्ये मध्ये उभी भोकं होती. घरचे त्यांना कुंड्या म्हणत. पूर्वी माणसं त्यातून उतरून गाळ काढत. पुढे उतरणारे राहिले नाहीत. कुंड्या नांगराला आडव्या येऊ लागल्या, तशा त्या बुजवल्या गेल्या. पाट मोकळा आहे की नाही, हे बघायची मामांची एकच रीत होती. विहिरीकडच्या तोंडाशी मूठभर कुटार, म्हणजे भुसा, टाकायचं आणि हौदाशी येऊन बसायचं. कुटार वाहत आलं की पाट ठीक.

त्या वर्षी दिवाळीनंतर धार बारीक झाली. मिरचीचा पहिला तोडा निघाला होता. पुढचे तोडे पाण्यावर होते आणि घरचं वर्ष त्या तोड्यांवर. मामांनी जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याला बोलावलं. मी सुटीवर शहरातून तिथं गेलो होतो.

पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि तो वावरात फिरू लागला. कडुनिंबाच्या पलीकडे नारळ उभा झाला.

"इथं नदी वाहून राहिली खालून," तो म्हणाला.

"एवढं दिसते याले," मामी मला म्हणाल्या, "त मग याच्या घरी टँकर काहून येते?"

पाणाड्यानं टाचेनं त्या जागी खूण केली. ही जागा पाटावर तर नाही ना, असं मी मामांना विचारलं.

"पाट निंबाच्या अलीकडून जाते. सरळ," मामा म्हणाले. "तू मले माह्या वावरात रस्ता दाखवून राहिला का?"

दुपारी बोअरची गाडी आली. थोडं खोदताच चिखल आणि पाणी वर उसळलं. बघायला जमलेले लोक ओरडले. मामांनी तोच नारळ फोडला आणि मशीन आणखी खोल घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हौद कोरडा होता. बोअरमध्ये वरून पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. आत मोटर सोडून चालू केली, तेव्हा थोडा वेळ पाणी आलं, मग नुसती हवा.

जेसीबीनं उकरल्यावर कारण दिसलं. निंबाखाली काळा दगड होता. जुन्या खोदणाऱ्यांनी तो टाळायला पाट वळवून पलीकडून नेला होता. बोअर नेमका त्या वळणातून आरपार गेला होता आणि विहिरीचं पाणी खालच्या फुटक्या खडकात उतरत होतं. बोअर सिमेंटनं बुजवला. पण उकरताना पाटाचं छत दोन्ही बाजूंना ढासळलं होतं. आत शिरून माती काढायला कोणी तयार झालं नाही, आणि मामांनी आग्रहही केला नाही. वरून पाइप टाकावा, तर तोवर विहीर तळाला गेली होती.

मिरची उभ्यानं वाळली. पिकायच्या आधीच फळं झाडावर पांढरी पडली. मामींनी झाडं उपटून धुऱ्याच्या बांधावर टाकली.

उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो, तेव्हा शेजारच्या वावरात तोच पाणाड्या फिरत होता. मामा तिथं गेले.

"याच्या नारळावर नको जाऊ गा," त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं.

"काहून जी भाऊ?" शेजारी म्हणाला. "तुमच्या वावरात त्याले पाणी लागलंच न. आम्ही साऱ्यांनी पाहिलं."

ते पाणी पाटाचंच होतं, असं सांगत मामांनी त्याला वळणाचं सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं. मग पाणाड्यानं दाखवलेल्या जागेवर त्यानं दगड ठेवला आणि बोअरवाल्याला फोन लावला.