अण्णांच्या हातची जीप

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडमध्ये आमच्या गाडीच्या सर्व्हिसिंगसाठी बसले होते. काचेपलीकडे निळ्या कपड्यांतली माणसं गाडीला संगणकाची वायर लावून काहीतरी बघत होती. फोन धाकट्या भावाचा, बाळूचा. "ताई, अण्णा गेले..." एवढंच बोलला आणि रडायला लागला. मी विचारलं, किती वाजता? मग काउंटरवर जाऊन गाडी कधी मिळेल ते विचारलं. अजून दीड तास लागेल म्हणाले. बापाच्या मातीला माहेरी, चकलांब्याला जायचं आणि गाडी खोललेली! अण्णा असते तर म्हणाले असते, "बघ, दुसऱ्याच्या हातात गाडी दिली की असंच व्हतंय." मेल्यावरही त्यांचंच खरं झालं, याचा मला इतका राग आला की रडूच आलं नाही. दीड तास मी तिथल्या सोफ्यावर बसून राहिले.

आज त्याला पाच आठवडे झाले. दहाव्याला गावातली माणसं एकामागून एक उभी राहून बोलली आणि प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगितल्या. अण्णांनी आयुष्यात कधी जीप मेकॅनिकला दाखवली नाही, आणि त्या मोठ्या दुष्काळात अण्णांनी गावची दूध संस्था बंद पडू दिली नाही. लई जिद्दीचा माणूस, असं म्हणून म्हातारी माणसं डोळे पुसत होती. मी बायकांमध्ये बसून ऐकत होते. नंतर बाळू म्हणाला, "ताई, तुझं लिहिणं चांगलं हाय. पेपरात अण्णांवर चार चांगल्या वळी लिही." चांगल्या ओळी जमतील तेवढ्या लिहिते. बाकीच्याही लिहिते.

जीप तालुक्याच्या दूध संघाने मोडीत काढलेली. अण्णा आमच्या गावच्या संस्थेचे सचिव, त्यामुळे लिलावाची बातमी त्यांना आधी लागली आणि आईचा विरोध मोडून त्यांनी ती घरी आणली. डिझेलची, उघडी, बॉनेट उचललं की सगळं इंजिन समोर. "जी गाडी आपल्या हातानं खोलता येत न्हाई ती आपली न्हाई," हे त्यांचं ब्रीद होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकावंच लागे. डिझेलची टाकी पाझरली की आईची अंगाची साबणवडी चोळून भोक बुजवायचे. रेडिएटर गळायला लागला तेव्हा त्यात मूठभर हळद टाकली, आणि गळती खरोखरच थांबली. आमच्या घरात सगळ्यात आधी हळद लागली ती त्या रेडिएटरला, असं आई म्हणायची. ते ऐकून लोक हसायचे आणि अण्णा खूश व्हायचे. तिला साबण मात्र पुढच्या बाजारापर्यंत मिळायचा नाही.

बाळू तेव्हा लहान, त्यामुळे अण्णांच्या हाताखाली मी. रोज सकाळी फडक्याने इंजिन पुसायचं काम माझं. बारा-तेराचा पाना, चौदा-पंधराचा पाना, अण्णांनी नुसता हात पुढे केला तरी कुठला द्यायचा ते मला कळायचं. डिझेलच्या नळीत हवा शिरली की गाडी आचके देऊन बंद पडते, मग नळीचा नट आवळायचा, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून पंपाची कळ दाबत राहायची, बुडबुडे थांबले की स्क्रू बंद. पाच मिनिटांचं काम. सोळाव्या वर्षी मी ते एकटीने करत होते आणि अण्णा गावभर सांगत सुटायचे, "सुमीचा हात माज्यावर गेलाय." खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून फार बरं वाटायचं. त्या माणसाचा मला अभिमान होता.

मग तो दुष्काळ आला. जनावरं छावणीत गेली, दिवाळीनंतर अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यांना गेलं, आणि संस्थेचं दूध दोन कॅनवर आलं. त्यात दुधाचा दर ज्यावर ठरतो ते फॅट मोजायला गावात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. काचेच्या नळीत दूध आणि ॲसिड घालायचं, फिरवायचं आणि नळीवरची बारीक रेघ वाचायची. अण्णांना ती रेघ दिसायची नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या वाचण्यावर लोकांचा विश्वास नव्हता. सुमीनं सांगितलं म्हणजे बरोबर, असं बाया म्हणायच्या. त्याच दिवसांत बीडला नर्सिंगच्या कोर्ससाठी यादीत माझं नाव आलं आणि मुलाखतीचं पत्र आलं. अण्णांनी ते दोनदा वाचलं. "जाऊ की. जीपनं जाऊ," म्हणाले. आईने माझ्यासाठी शेजारणीची चांगली साडी मागून आणली.

मुलाखत अकराला होती. सकाळचं दूध तपासून, हातावरचा ॲसिडचा वास जाईपर्यंत राखेने हात घासून मी जीपमध्ये बसले. आठला निघालो. गावाबाहेर पडल्यावर अण्णांनी गाडी थांबवली. "पाणी बघतो," म्हणत बॉनेट उचललं आणि लगेच लावलं. तिथून मैलभर गेलो असू, जीपने आचके दिले आणि बंद पडली. अण्णा खाली उतरले. मीही पदर खोचून उतरले. त्यांनी बॅटरीची टोकं घासली, फिल्टर काढून पुसला, पुन्हा लावला. पंख्याचा पट्टा बघितला. मी पाना द्यायला वाकले आणि मला दिसलं. टाकीकडून येणाऱ्या नळीचा नट ओला होता, त्याच्यावर ताजी धूळ चिकटली होती आणि आटे बाहेर आले होते. सकाळी मीच तो पुसला होता. कोरडा होता, घट्ट होता.

अण्णांचा हात सगळ्या इंजिनभर फिरला, फक्त त्या नटाला लागला नाही.

तेवढ्यात बीडच्या वाटेवरच्या गेवराईकडे जाणारी एसटी दिसली. मी म्हटलं, "हात करू का?" ते मान वर न करता म्हणाले, "कशाला? झालंच. धा मिन्टं." एसटी गेली. मग एक पाण्याचा टँकर गेला. बारा-तेराचा पाना माझ्याच हातात होता, कारण त्यांनी मला तो धरून उभं राहायला सांगितलं होतं. अडीच तास मी तो धरून उभी होते. काय बोलणार? बापाला भर रस्त्यात खोटं पाडायचं? आमच्या घरात अण्णांच्या तोंडावर बोलायची रीत आईलाही माहीत नव्हती. माझ्या घड्याळात अकराला पाच कमी होते तेव्हा त्यांनी हात पुढे केला, पाना घेतला, दोन पिळे दिले, पंप दाबला. पहिल्याच झटक्यात जीप सुरू झाली. "आता जाऊन काय उपेग," म्हणाले आणि गाडी गावाकडे वळवली. सांजच्या दुधाला मी नळ्या धुऊन तयार होते.

जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. संस्था वाचली. चार महिन्यांनी दूध संघाने आमच्या संस्थेला यंत्र दिलं, दूध ओतलं की आकडा दाखवणारं, आणि माझं काम संपलं. चारच महिने. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. आता सासरी, नेकनूरच्या दूध संकलन केंद्रावर मी असल्याच एका यंत्राची बटणं दाबते. नवऱ्याने गाडी घ्यायची म्हटल्यावर मी हट्टाने नवी कोरी, कंपनीवाल्याशिवाय कुणाला खोलता येणार नाही अशी घ्यायला लावली. तिचं बॉनेट मी आजवर उचललेलं नाही. अण्णा ती बघून म्हणाले होते, "ही गाडी न्हाई, टीव्ही हाय." माझ्या लग्नानंतर आमच्यात गाड्यांखेरीज बोलणंच उरलं नव्हतं.

ते जायच्या पंधरा दिवस आधी मी चकलांब्याला गेले होते. अंगणात बाज टाकलेली, समोर शेडमध्ये जीप. बाळूला जीप विकू देऊ नको, असं मला सांगत होते. इतकी वर्षं गिळलेलं त्या दिवशी माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"अण्णा, त्या दिवशी नट तुमीच ढिला केलता ना?"

त्यांनी कुठला दिवस, कुठला नट, काही विचारलं नाही. शेडकडे बघत म्हणाले, "तुला कळलंतं?"

"तवाच कळलंतं."

"मंग पाना तुज्याच हातात व्हता की सुमे..." दम लागला म्हणून थांबले. "तू का आवळला न्हाईस?"

मी पर्स उचलली आणि निघाले. माफी नाही, संस्थेचं कारणसुद्धा नाही. मरायला टेकलेला माणूस, आणि दोष पुन्हा माझ्याच पदरात टाकतो! नेकनूर येईपर्यंत मी त्यांना मनात शिव्या देत होते. ती आमची शेवटची भेट.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेले. बाळूने जीप चालू करायला किती प्रयत्न केले ते सांगितलं, "ताई, तू बघ ना," म्हणाला. मी नाही म्हटलं आणि त्याला चहा सांगायला घरात पाठवलं. मग शेडमध्ये जाऊन डावीकडच्या माझ्या जागेवर बसले. सीटला अजून डिझेलचा आणि अण्णांच्या तंबाखूचा वास येतो. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, अण्णा. लोक काहीही बोलोत. पण तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर त्या दिवशी राहून गेलं, ते तिथे बसून मोठ्याने सांगितलं. मी अडीच तास तुमच्या हाताकडे बघत होते. आत्ता आवळतील... आत्ता आवळतील... एसटी दिसली तेव्हा तर मला खात्रीच होती.