वाळूचा शेक

आमच्या चौल-रेवदंड्याच्या बाजूला वाळू हे औषध आहे. छातीत कफ दाटला की तव्यावर वाळू तापवायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात तिची पुरचुंडी बांधायची आणि छाती-पाठ शेकून काढायची. चुलीजवळ स्वच्छ वाळूचे एक मडके कोळीवाड्यातही असे आणि आमच्या आळीतही. एकमेकांच्या हातचे पाणी न पिणाऱ्या लोकांचे या एका बाबतीत एकमत होते. सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर बाटलीतले लाल औषध दुसऱ्यांना देई आणि स्वतः घरी जाऊन शेक घेई. या घरगुती मडक्याचा रेल्वेच्या वकिलाला काही उपयोग होईल, असे तेव्हा कुणाच्या डोक्यात आले नसते.

आमच्याकडे मासळी घालणारी कोळीण होती. तिचा नवरा जातीचा दर्यावर्दी, पण तरुणपणीच होडी सोडून मुंबईला रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये लागला होता. ओल्या रुळांवर इंजिनाची चाके घसरू नयेत म्हणून त्यांच्यापुढे वाळू सोडतात. ती हाडासारखी कोरडी लागते, म्हणून शेडमध्ये एक वाळूघर असे. तिथे भट्टीवर वाळू भाजायची, चाळायची आणि टोपल्यांनी इंजिनावर चढवायची, हे त्याचे काम. मुकादम किनाऱ्यावरचीच माणसे निवडून घेई. यांना वाळूची सवय असते, असे त्याचे शास्त्र होते. किनाऱ्यावरच्या माणसांनाही ते पटत असे. नाकातोंडाला फडके बांधायचे कुणाला सुचले नाही. ज्या वाळूत रांगलो, मासळी सुकवली, तिला काय भ्यायचे? शिमग्याला गावी आला की तो म्हणे, "वाळू सोडून पळालो, मास्तर, तर पगार घेऊन वाळूच चाळतो."

मी शाळामास्तर असल्यामुळे सगळा गाव मला मास्तर म्हणे आणि इंग्रजी कागद वाचायला माझ्याकडे येई. त्याचा कागद आला तेव्हा तो चाळिशीच्या आत होता आणि बंदरावरून घरापर्यंतचा चढ बसत बसत चढत होता. कागदावर रेल्वेचे भले मोठे चिन्ह होते आणि खाली त्याच्या सचोटीची तारीफ करून, प्रकृती कामाला योग्य नसल्याने त्याला मुक्त करण्यात येत असल्याचे लिहिले होते. महिनाभर आधीच त्या शेडला कुणी मोठे साहेब भेट देऊन गेले होते. त्यांच्यासाठी वाळूघराला बाहेरून चुना फासला होता. रेल्वे हे एक कुटुंब आहे, असे साहेब भाषणात म्हणाले आणि सर्वांना पेढे मिळाले. कुटुंबातल्या या मुलाला पेढा पचायच्या आत घराबाहेर काढले, इतकेच.

गावाने क्षय ठरवला. लोक बायकोच्या टोपलीतली मासळी घ्यायला कचरू लागले, तेव्हा ती त्याला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या एका तरुण डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि सांगितले की हा क्षय नाही. वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात बसली आहे आणि फुप्फुस दगडासारखे होत चालले आहे. याला औषध नाही. मी पुढे पुस्तकांत शोधले. विलायतेत या दुखण्याला नाव होते, आणि काही धंद्यांतल्या कामगारांना त्याची भरपाई देणारा कायदाही होता. तिथून आमच्याकडे आगबोटी आल्या, इंजिने आली, इंजिनाखाली वाळू टाकायची युक्ती आली. एवढा एक कायदा मात्र बंदरातच राहिला.

आमच्याकडे कायदा नव्हता असे नाही. कामावर इजा झाल्यास भरपाई देणारा कायदा होता आणि त्यावर बरीच भाषणेही झाली होती. त्याच्या शेवटी कामामुळे होणाऱ्या रोगांची एक आखूड यादी होती. शिशाचे विष तीत होते, फॉस्फरसचे होते, जनावरांच्या लोकरीतून लागणारा एक रोग होता. धूळ नव्हती. यादीत नसलेला रोग त्या माणसाला झालेलाच नसतो, अशी एकूण समजूत दिसली.

त्याला हवे होते ते फार नव्हते. त्याच्या भावाची होडी होती. होडीवर ज्याचे जाळे, त्याला घरबसल्या मासळीचा वाटा मिळतो, अशी कोळ्यांची रीत आहे. भरपाई मिळाली तर एक जाळे घ्यायचे, म्हणजे बायकोच्या डोक्यावर सगळा संसार राहणार नाही.

मुंबईचा एक होतकरू वकील मिळाला. रोग यादीत नाही तर अपघात दाखवावा लागेल, असे तो म्हणाला. अपघात झालाही होता. एकदा वाळूच्या कोठाराची फळी तुटून हा गळ्यापर्यंत गाडला गेला होता आणि नंतर कित्येक दिवस त्याच्या थुंकीत रक्त पडत होते. वकिलाने सगळा दावा त्या एका दिवसावर रचला. रोज थोडे थोडे मरणे कायद्याला मंजूर नव्हते. एकदम मरायला लागलेला माणूस असेल तर तो ऐकून घ्यायला तयार होता.

सुनावणीला आम्ही रेवसहून लाँचने गेलो. कोळीण टोपलीभर सुके बोंबील घेऊन निघाली; दिवस फुकट घालवणे तिला परवडणारे नव्हते. भाऊच्या धक्क्यावर ते विकून रिकाम्या टोपलीसह ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कमिशनरांच्या कचेरीत आली. आत तिला जागा नव्हती, म्हणून दारात उभी राहिली.

रेल्वेचा वकील दरडावणारा असेल, असे मला वाटले होते. तो अतिशय गोड निघाला. त्याने याला बसायला खुर्ची मागवली, धाप लागली तेव्हा पाणी दिले, गावची, होडीची, मासळीची चौकशी केली. याचा चेहरा खुलला. मग वकिलाने सहज विचारले,

"छातीला काही झालं तर तुमच्याकडे काय करता हो?"

"शेकतो, साहेब."

"कशानं?"

"वाळूनं. गरम वाळूनं."

"तुम्हीही शेकून घेता?"

"रोज सांजचे. बायको शेकते."

"आणि बरं वाटतं?"

त्याने दाराकडे पाहिले. मग म्हणाला, "लय बरं वाटतं."

"म्हणजे गरम वाळू छातीला चांगली."

"व्हय साहेब. आमच्यात सगले तेच करतात."

कारकून हसले. वकील आभार मानून खाली बसला. आमचा वकील उठून सांगू लागला की ती वाळू बाहेरून लागते, ही आत गेली आहे. पण एकदा हसलेल्या कचेरीत खरे बोलणे फार केविलवाणे वाटते. तरुण डॉक्टरने आणलेला फोटो कमिशनरांनी उजेडाकडे धरला, तो उलटा. रेल्वेच्या डॉक्टरने किनाऱ्यावरच्या लोकांत खोकला फार असतो, चुलीचा धूर आणि सुकी मासळी, असे मत दिले. निकाल विरुद्ध गेला. रोग यादीत नाही, तो अपघाताने झाल्याचे सिद्ध नाही; शिवाय अर्जदाराचे लोक गरम वाळू छातीला हितकारक मानतात, हे त्याच्याच तोंडून आले आहे, असे एक वाक्य त्यात होते.

त्या वाक्याची चीड मला अजून जात नाही. त्या खोलीत बसलेल्यांपैकी एकानेही वाळूघर पाहिले नव्हते. पाहून यावे, असे कुणाला वाटलेही नाही. गरम वाळू छातीला इतकी हितकारक, तर शेड काही लांब नव्हती. वकीलसाहेबांना सहकुटुंब जाऊन लाभ घेता आला असता.

पुढे आमच्या वकिलाने कळवले की अपील करून पाहू, पण आधी ते वाक्य खोडले पाहिजे. शेकाने गुण येत नाही, असे अर्जदाराने प्रतिज्ञेवर लिहून द्यावे. मी मजकूर तयार करून कोळीवाड्यात गेलो. तो पडवीत उशाला घोंगडी घेऊन बसला होता. बायको दिसली नाही. निकालाच्या दिवशी तिने वाळूचे मडके अंगणात पालथे केले होते आणि आता तेच मडके घेऊन किनाऱ्यावर गेली होती.

मी त्याला कागद समजावून सांगितला.

"खरंच हाय, मास्तर. शेकून कायबी व्हत न्हाय. पहिल्यापासून न्हाय."

मग कचेरीत तसे का सांगितले नाही, असे मी विचारले. माझा आवाज चढला असावा.

"ती दारात उभी व्हती ना."

आता तरी अंगठा दे, म्हणालो. त्याने मला उलट विचारले, की कागद तिला वाचून दाखवावा लागेल ना? त्यांच्या घरात वाचून दाखवल्याशिवाय कुठल्या कागदावर अंगठा उठत नसे. हा नियम तिचाच होता, आणि चांगला होता. मी जाळ्याची आठवण दिली. त्याने मान हलवली. जाळे तो विसरला नव्हता.

एवढ्यात ती आली. मडके खाली ठेवून तिने माझ्या हाताकडे पाहिले. कागद कसला, म्हणाली.

"शालेचा हाय," तो म्हणाला. "मास्तर बांगड्यांचं इचारायला आले."

बांगडे उद्या देते, असे मला सांगून ती आत गेली. तव्यावर वाळू पडल्याचा आवाज आला. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, आणि तो सदऱ्याची बटणे काढू लागला.