काचेतली गोधडी

आमच्या आळीतला एक माणूस मोठा फॅशन डिझायनर झाला. मुंबईत राहतो. परदेशात पोरी त्याचे कपडे घालून नुसत्या चालतात आणि लोक टाळ्या वाजवतात. एकेक झगा शिवायला सहा महिने लागतात म्हणे. लागत असतील. आम्हाला एका कापडापाशी सहा महिने बसायला कुणी देत नाही, म्हणून आमचं नाव झालं नाही.

बारामतीच्या बाहेर त्याच्या नावाचं म्युझियम झालं आहे. जिवंत माणसाचं म्युझियम मी पहिल्यांदाच ऐकलं. मेल्यावर लोक बांधतील की नाही याचा त्याला भरवसा नसावा.

पण आधी गोधडीचं सांगायला हवं. आमच्याकडे लग्न निघालं की पाहुण्यांच्या अंथरुणाला घराघरातून गोधड्या गोळा करतात. कुठली कुणाची हे कळावं म्हणून प्रत्येक घराची कोपऱ्यात दोऱ्याची खूण असते. आमची खूण म्हणजे तांबडे तीन उभे टाके आणि त्यांच्यावर एक आडवा. लग्न उरकलं की लग्नघरची बाई खुणा बघून, गोधड्या धुऊन, ज्याची त्याला पोचवते. त्यात कुणी चूक करत नाही.

दोन वर्षांपूर्वी या डिझायनरच्या पुतणीचं लग्न झालं. त्याची भावजय माझ्याकडून दोन गोधड्या घेऊन गेली. एकच परत आली. दुसरीत माझ्या आईचं लग्नातलं पांढरं पातळ होतं. आई गेल्यावर मी ते मधोमध लावून भोवती पोरांचे जुने कपडे जोडले होते. ती द्यायला नको होती. पण दारात कुणी मागायला उभं राहिलं की माझ्या तोंडून नाही निघत नाही. नंतर एकदा विचारलं, तर भावजय म्हणाली, "बघते गं, सापडंल." दुसऱ्यांदा मी विचारलं नाही. तिच्या दारावरून रोज जात होते, खाली बघून.

यंदा महिला मंडळाच्या आम्हा बायकांना म्युझियम बघायला नेलं. आत थंडगार. बिनमुंडक्याच्या बाहुल्या उभ्या, एकीच्या झग्याचं मागं पाच-सहा हात कापड लोळत होतं. आमच्यातली म्हातारी आत्या म्हणाली, "ह्यो घालून उकिरड्यावर कसं जायाचं गं?"

दुसरी म्हणाली, "ह्यो घालणारी जात न्हाय आत्या, तिच्या मागनं उकिरडाच येतो. समदा केर गोळा हुतो की त्यात."

मी हसले नाही, कारण मला त्या झग्याच्या काठाला काहीतरी दिसलं. जरीचे तीन उभे टाके, एक आडवा. पुढच्या साडीवर तेच. दाराच्या मुठीवर तेच. शेवटच्या खोलीत गेलो तर काचेच्या आत, दिव्याखाली, माझी गोधडी टांगलेली.

माहिती सांगणारी पोरगी पुण्याची होती. गोड बोलायची. "ही साहेबांची प्रेरणा. कोपऱ्यातली ही खूण म्हणजे उगवत्या सूर्याची किरणं. एका अनाम स्त्रीची प्रार्थना आहे ती. आणि मधला पांढरा रंग वैधव्याचा. एका विधवेनं आपलं दुःख इथं शिवून ठेवलंय." खाली पाटीवरही तेच छापलं होतं.

सूर्याचं मी ऐकून घेतलं असतं. पण माझी आई माझ्या बापाच्या आधी गेली.

"ती लग्नाची साडी हाय," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. परत म्हणाले, तेव्हा सगळ्या वळल्या. "माज्या आईची. आमच्यात नवरी पांढरंच नेसती. तुमच्या सायबाची आईबी तेच नेसली व्हती, इचारा त्याला. आन ती किरणं न्हायती. आमच्या घराची खूण हाय. गोधडी लग्नाला नेली व्हती, ती परत यावी म्हणून."

"व्हय की!" मंडळातल्या बायका काचेला नाक लावून बघायला लागल्या. "हिचीच हाय ही!"

आत्या हसता हसता खालीच बसली. "म्हंजी ह्या समद्या झग्यांवर हिच्या घराची खूण? मग झगेबी हिच्याच घरी पोचते करा की गं!"

मॅनेजर आला. "काकू, आपण खाली तुमचं नाव लावू. फोटोसुद्धा."

"नाव नको. गोधडी द्या."

"ती आता संग्रहात आहे. साहेब परदेशात आहेत."

असले लोक अडचणीच्या वेळी परदेशातच असतात. साहेबाशी बोलण्यात अर्थ नव्हता. गोधडी त्याला मी दिलीच नव्हती, नेली होती त्याच्या भावजयीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय अंगणात बायका जमवून शेवया करत होती. मी गेले आणि म्हणाले, "वैनी, माजी एक गोधडी ऱ्हायलीय. म्युझियमात हाय."

"अगं, भावजींना आवडली म्हणून त्येंनी नेली. केवढा मान हाय त्यो! काचंत ठिवलीय!"

"मान तुमाला ऱ्हाऊ द्या. तुमी नेली, तुमीच आणून द्या."

शेवया करणारे हात थांबले. एक जण हळूच म्हणाली, "खरं हाय. तुमच्या धाकल्याच्या लग्नाला मग कोण दील गोधड्या?"

भावजयीनं हात पुसले आणि तिथंच दिराला फोन लावला. तो कलेचं, वारशाचं काहीतरी बोलत होता, आवाज बाहेर येत होता. ती म्हणाली, "भावजी, तुमच्या सूर्याचं काय करायचं ते करा. मला पोराचं लगीन करायचंय."

आठ दिवसांनी गाडी आली. पांढऱ्या खोक्यातून पांढरे हातमोजे घातलेल्या दोघांनी माझी गोधडी उतरवली, जणू तिच्यात बाळ झोपलं होतं. एकानं कागद वाचून दाखवला: धुवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, घडी घालायची नाही. मी मान डोलावली. गाडी वळल्यावर गोधडी सोड्याच्या कढत पाण्यात भिजवली, कॅनॉलवर नेली, बडवून धुतली आणि उन्हात टाकली. त्यांच्या औषधाचा वास जायला दोन दिवस लागले.

आता काचेत तिचा मोठा फोटो लावलाय असं ऐकते. लावू दे. पण खालच्या पाटीवर अजून विधवाच आहे म्हणतात. बाजाराला बारामतीला जायचंच आहे. तेव्हा तिथं जाणार आहे, आणि पाटी काढेपर्यंत त्या काचेपुढून हलणार नाही.